हाड सरकलं, पण ओठ किती सरकेल?

प्रश्न : माझी लेक २१ वर्षांची आहे. लहानपणापासून खालचा जबडा मागे, हनुवटी बारकी, वरचे दात ओठाबाहेर. दीड वर्ष तारा लावल्या, आता खालचा जबडा ७ मिलिमीटर पुढे आणायची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टरांनी संगणकावर तिचा नंतरचा चेहरा दाखवला. लेक हरखून गेली, ते चित्र मैत्रिणींना पाठवूनही झालं. तिची आजी म्हणते, ‘चित्रात काय, कुणीही देखणं दिसतं!’ मला एवढंच विचारायचंय, की चेहरा खरंच तसा होतो का?
— एक आई, सांगली

उत्तर : हनुवटीपुरतं बोलायचं तर बहुतेक होतो. खालच्या ओठाबाबत मात्र आजींचा संशय रास्त आहे.

त्या एका चित्रात दोन अंदाज मिसळलेले असतात आणि ते सारख्या भरवशाचे नसतात. पहिला अंदाज हाडाचा. या शस्त्रक्रियेत तोंडाच्या आतून छेद घेऊन खालच्या जबड्याचा मागचा भाग दोन्ही बाजूंना उभा चिरतात. आतला आणि बाहेरचा पापुद्रा वेगळा झाला, की दात असलेला पुढचा भाग हवा तेवढा पुढे घेऊन टिटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूंनी पक्का करतात. ट्राउनर आणि ओबवेगेसर या ऑस्ट्रियन सर्जननी १९५७ साली ही पद्धत इंग्रजीत मांडली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना आजही तीच आहे. जबडा किती पुढे आणायचा हे वरखालचे दात एकमेकांत नीट बसण्यावर ठरतं आणि ऑपरेशनच्या टेबलावर ती जागा चुकू नये म्हणून दातांमध्ये बसणारी अॅक्रिलिकची पट्टी आधीच बनवून ठेवलेली असते. त्यामुळे ठरलेले ७ मिलिमीटर प्रत्यक्षात ७ च्या आसपासच भरतात. इथवर सगळं सुताराच्या मापाने चालतं.

दुसरा अंदाज हाडावरच्या मऊ भागाचा, म्हणजे कातडी, चरबी, स्नायू आणि ओठांचा. लोकांना दिसतो तो हाच भाग, आणि तो मापाने चालत नाही. गादी सरकवली तरी वरची चादर तेवढीच सरकेल असं सांगता येत नाही; ती कुठे खोचलेली आहे, कुठे सैल आहे, यावर ते ठरतं. हनुवटीवरची कातडी आणि स्नायू हाडाला घट्ट चिकटलेले असतात. म्हणून हाड ७ मिलिमीटर पुढे आलं, की वरची हनुवटीही जवळजवळ तेवढीच पुढे येते. ओठाखालच्या खळगीचंही साधारण तसंच. खालचा ओठ मात्र हाडाला कुठेच बांधलेला नाही. तो दातांवर टेकून असतो आणि त्याच्यात स्वतःचा स्नायू आहे. शस्त्रक्रियांच्या आधीची आणि नंतरची मापं घेणाऱ्या अभ्यासांत ओठ हाडाच्या साधारण दोनतृतीयांश सरकलेला दिसतो. पण हा आकडा अभ्यासागणिक बदलतो, आणि एकाच अभ्यासातल्या दोन माणसांत त्याहून जास्त बदलतो.

तुमच्या लेकीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. जबडा मागे असलेल्यांचा खालचा ओठ अनेकदा वरच्या पुढच्या दातांखाली अडकून बाहेर उलटा दुमडलेला असतो. तोंड मिटायचं तर त्यांना ओठ ताणून धरावे लागतात, हनुवटीवर बारीक खळ्या उठतात. फोटो काढताना माणूस तोंड मिटतोच. म्हणजे संगणक ज्या ओठापासून हिशेब सुरू करतो तो ओठ मुळात विसावलेलाच नसतो. जबडा पुढे आला, वरच्या दातांची अडचण गेली, की हा दुमडलेला ओठ उलगडतो, उंच होतो, पातळ दिसू लागतो. नुसता पुढे सरकत नाही, त्याचा आकारच बदलतो. ‘दोनतृतीयांश’ या आकड्यात हे उलगडणं बसत नाही. संगणकाच्या चित्रात सगळ्यात जास्त चूक खालच्या ओठाशी निघते, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांतले अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

हे आकडे आले कुठून, तेही सांगतो, कारण त्यावरून त्यांची मर्यादा कळते. १९३१ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी डोकं एका ठरावीक स्थितीत धरून चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढायची पद्धत वेगवेगळी मांडली. तोच आजचा लॅटरल सेफॅलोग्राम. दवाखान्यात त्याला नुसतं ‘सेफ’ म्हणतात. डोकं दर वेळी त्याच स्थितीत असल्याने दोन वेगळ्या तारखांचे एक्स-रे एकमेकांवर ठेवून फरक मोजता येऊ लागला. जबड्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या तशी आधीची आणि नंतरची मापं साठत गेली आणि त्यातून ‘हाड इतकं हललं तर कातडी इतकी’ अशी प्रमाणं निघाली. कित्येक वर्षं सर्जन पारदर्शक कागदावर सेफची बाह्यरेषा गिरवायचे, जबडा कात्रीने कापून पुढे ठेवायचे आणि त्या प्रमाणांनुसार ओठ-हनुवटीची नवी रेघ पेन्सिलीने काढायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या रेघेवर रुग्णाचा फोटो चढवायची सोय आली. तुमच्या लेकीने पाहिलेलं चित्र त्याच घराण्यातलं. फोटो खरा असल्याने ते एका माणसाचं भाकीत वाटतं. आतला आकडा मात्र अनोळखी माणसांच्या गटाच्या सरासरीचा असतो.

सरासरी डॉक्टरांच्या कामाची आहे, त्यांना शंभर रुग्ण हाताळायचे असतात. तुमच्या लेकीला एकच चेहरा आहे. समजा, सरासरीने तिचा ओठ साडेचार मिलिमीटर पुढे यायला हवा. प्रत्यक्षात तो तीन आला काय आणि सहा आला काय, दोन्ही गोष्टी नेहमीच्या. त्यात कुणाची चूक नसते. पण चित्रात ओठाची एकच रेघ असते. ती कुठून कुठपर्यंत हलू शकते याची पट्टी दाखवायची पद्धत फारशी नाही, आणि माझ्या मते या सगळ्या सॉफ्टवेअरमधली ती सर्वांत मोठी उणीव आहे. हवामान खाते ‘पावसाची शक्यता’ म्हणते तेवढाही सावधपणा या चित्रात नाही.

आणखी एक गोष्ट चित्र सांगत नाही. त्यात कातडी गुळगुळीत असते, प्रकाश छान असतो, चेहरा हलत नाही. माणसाला लोक हसताना, बोलताना, जेवताना पाहतात. हसल्यावर वरची हिरडी किती दिसेल, बोलताना ओठ कसे मिटतील, याबद्दल बाजूने काढलेलं स्थिर चित्र जवळपास मुकं असतं.

तरी तुमच्या लेकीच्या बाबतीत मला फार काळजी वाटत नाही. मागे असलेला जबडा पुढे आणणं ही चेहऱ्याला बहुधा मानवणारी शस्त्रक्रिया आहे. हनुवटीचा अंदाज भरवशाचा असतो, मान आणि हनुवटीमधली रेघ सुबक होते, ओठ विनासायास मिटू लागतात. ओठ चित्रापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी एकूण बदल चांगलाच दिसेल. फक्त मैत्रिणींना पाठवलेलं ते चित्र हा करार नव्हे, हे तिला शस्त्रक्रियेच्या आधी समजलेलं बरं.

प्रश्न : आता सीटी स्कॅनवरून थ्री-डी चेहरा तयार होतो, एआय आहे. तरीही अंदाज चुकतो म्हणजे काय?
— संगणक अभियंता, पुणे

उत्तर : थ्री-डीने मोठी सुधारणा झाली आहे, ती आधी मान्य करू. बाजूच्या एक्स-रेमध्ये गाल दिसत नाहीत, नाकपुड्यांची रुंदी दिसत नाही, चेहरा एका बाजूला कलला असेल तर तेही नीट कळत नाही. थ्री-डी स्कॅनमध्ये हे सगळं येतं. जबडा तिरका असलेल्या रुग्णांचं नियोजन आता कित्येक पटींनी चांगलं होतं. दातांमध्ये ठेवायची पट्टी संगणकावर आखून प्रिंटरवर काढता येते. हाडाच्या बाजूने हिशेब आणखी पक्का झाला.

मऊ भागाच्या बाजूने मात्र अडचण जिथल्या तिथेच आहे. संगणक चेहऱ्याची लाखभर लहान तुकड्यांत विभागणी करतो, प्रत्येक तुकड्याला लवचीकपणाचा एक आकडा देतो आणि हाड सरकवल्यावर हे तुकडे कसे ताणले जातील ते गणिताने काढतो. पूल किंवा गाडीचा सांगाडा किती वाकेल हे काढायची जी पद्धत तुम्हा अभियंत्यांना माहीत आहे, तिचंच हे भावंड. फरक इतकाच, की पोलादाचा आकडा पुस्तकात मिळतो. तुमच्या गालाचा मिळत नाही. वयाने, वजनाने, स्नायूच्या सवयीने तो माणसागणिक वेगळा असतो आणि स्कॅनमध्ये दिसत नाही. मग सगळ्यांना साधारण एकच आकडा लावला जातो. पुन्हा सरासरीच, फक्त जास्त सुंदर कपड्यांतली.

स्कॅन घेतानाच काही चुका आत शिरतात. सीटी झोपवून काढतात, तेव्हा गाल कानांकडे ओघळलेले असतात. दंतवैद्यकात वापरतात त्या कोन-बीम यंत्रात माणूस बहुधा बसतो किंवा उभा राहतो, पण हनुवटी टेकायला आधार असतो. तो आधार नेमकी आपल्याला मोजायची तीच हनुवटी दाबून ठेवतो. शस्त्रक्रियेआधीच्या स्कॅनमध्ये दातांवर तारा असतात आणि त्यांनी ओठ थोडे पुढे ढकललेले असतात. वर्षभराने तुलना करताना तारा निघालेल्या असतात. ओठ मागे गेलेला दिसतो तो जबड्यामुळे की तारा गेल्यामुळे, हे वेगळं काढणं सोपं नाही.

तरीही ‘आमच्या सॉफ्टवेअरची सरासरी चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी’ असे दावे ऐकू येतात. इथे तुमच्यासारख्याने थांबून दोन प्रश्न विचारावेत. पहिला, ही सरासरी काढताना पुढे चुकलेले आणि मागे चुकलेले एकमेकांत वजा झाले का? निम्म्या रुग्णांत ओठ २ मिलिमीटर जास्त आणि निम्म्यांत २ मिलिमीटर कमी आला, तर सरासरी चूक शून्य निघते आणि एकाचाही अंदाज बरोबर आलेला नसतो. दुसरा प्रश्न, चूक संपूर्ण चेहऱ्यावर मोजली का? कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग हललेलाच नसतो, तिथे अंदाज चुकणार कसा? ते हजारो बिंदू धरले की ओठाजवळची चूक आकडेवारीत विरून जाते. संशोधनात २ मिलिमीटरपर्यंतची चूक चालवून घेण्याचा प्रघात आहे. गालावर २ मिलिमीटर कुणाला कळणारही नाहीत. ओठावर ते आरशात पहिल्याच दिवशी कळतात.

एआयबद्दल : आधीच्या-नंतरच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून संगणकाला शिकवायचं, लवचीकपणाचे आकडे घालायचेच नाहीत, ही कल्पना चांगली आहे आणि ती पुढे जाईल असं मला वाटतं. पण अशा जोड्या मोबाइलमधल्या फोटोंसारख्या कोट्यवधींनी मिळत नाहीत. त्या एकेका रुग्णालयातून येतात आणि त्या रुग्णालयाच्या परिसरातल्या लोकांचेच चेहरे त्यांत असतात. युरोपीय किंवा कोरियन चेहऱ्यांवर शिकलेला कार्यक्रम कोल्हापूरच्या जाड ओठांवर किती बरोबर चालेल, हे तपासल्यावाचून सांगता येत नाही. जाड ओठ पातळ ओठांपेक्षा हाडाचा धक्का कमी दाखवतात, बराचसा स्वतःत जिरवतात, एवढं मात्र जुन्या सेफच्या काळापासून माहीत आहे.

प्रश्न : माझा खालचा जबडा पुढे आहे. एका सर्जननी खालचा मागे घ्यायला सांगितलं, दुसऱ्यांनी वरचा पुढे आणायला. दुसरे म्हणाले, नाक थोडं बदलेल. जबड्याच्या शस्त्रक्रियेत नाक कसं बदलतं?
— वाचक, नाशिक

उत्तर : नाकाच्या खालच्या अर्ध्या भागाचा पाया वरच्या जबड्यावरच आहे, म्हणून.

१९०१ साली फ्रान्समध्ये लिल इथे रने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून पाहिले आणि चेहऱ्याची हाडं ठरावीक तीन रेषांवर मोडतात असं दाखवलं. त्यातली सगळ्यात खालची रेष नाकपुड्यांच्या तळातून आडवी जाते. अपघातात जिथे मोडतं, तिथेच सर्जन आता मुद्दाम कापतात आणि दातांसकट वरचा जबडा सुटा करतात. शस्त्रक्रियेचं नावही ल फोर वन. इतका मोठा तुकडा सुटा केला तर त्याचा रक्तपुरवठा तुटेल, ही भीती अनेक वर्षं होती. विल्यम बेल यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी ती दूर केली आणि १९७० च्या दशकापासून ही शस्त्रक्रिया रुळली.

कापताना नाकपुड्यांच्या बाजूचे छोटे स्नायू हाडावरून सोडवावे लागतात. ते सुटले की बाहेरच्या बाजूला सरकतात आणि नाक बुडाशी रुंद होतं. जबडा पुढे आणला की नाकाचं टोकही किंचित पुढे आणि वर जातं. वरचा ओठ हाडाच्या निम्म्याच्या आसपास पुढे येतो आणि नुसता शिवून टाकला तर पातळ व आखूडही दिसू शकतो. हे टाळायला सर्जन दोन्ही नाकपुड्यांच्या बुडातून एक टाका घेऊन त्या आत ओढून बांधतात आणि ओठाच्या आतली जखम इंग्रजी व्ही-वायच्या आकारात शिवतात, म्हणजे ओठाची जाडी टिकते. नेमकं इथेच भाकिताचं गणित बिघडतं. टाका किती घट्ट बांधला हे त्या दिवशी त्या सर्जनच्या हातात असतं. सॉफ्टवेअरला ते कुठून कळणार? एकाच रुग्णाचं चित्र दोन सर्जनच्या हाती वेगवेगळं खरं ठरेल.

मूळ नाक अरुंद असेल तर थोडी रुंदी शोभूनही जाते. आधीच रुंद असेल तर ‘नाकपुड्यांचं काय करणार?’ हे आधीच विचारा.

दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, हे इथे बसून सांगणं चुकीचं ठरेल. पण ‘खालचा जबडा पुढे’ दिसणाऱ्या पुष्कळांचा खरा दोष वरचा जबडा मागे राहण्यात असतो, किंवा दोन्हींत. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा जबडा प्रसिद्ध आहे. २०१९ साली स्पेनमधल्या संशोधकांनी मॅक्सिलोफेशियल सर्जनना त्या राजेराण्यांची जुनी व्यक्तिचित्रं तपासायला लावली, तेव्हा पुढे आलेल्या खालच्या जबड्याबरोबर मागे राहिलेला वरचा जबडाही त्यांना बऱ्याच चेहऱ्यांत दिसला. वरचा मागे असताना खालचाही मागे घेतला, तर दात जुळतात पण चेहरा सपाट होतो आणि हनुवटीखाली कातडी गोळा होऊन मान भरल्यासारखी दिसते. जिभेमागची श्वासाची वाटही थोडी अरुंद होऊ शकते. घोरत असाल, वजन जास्त असेल, तर हा मुद्दा दोन्ही सर्जनपाशी काढाच. आजकाल बऱ्याच ठिकाणी वरचा थोडा पुढे आणि खालचा थोडा मागे, असा मध्यम मार्ग काढतात.

प्रश्न : दात व्यवस्थित आहेत, फक्त हनुवटी मागे आहे. तेवढीच पुढे आणता येते का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : येते. जबड्याच्या खालच्या कडेचा तुकडा आडवा कापून पुढे सरकवतात, त्याला जेनिओप्लास्टी म्हणतात. दात जागचे हलत नाहीत. होफर यांनी १९४२ साली ही कल्पना मांडली, ती बाहेरून छेद घेऊन. तोंडातून करायची रीत ओबवेगेसर यांची. पुढे आणलेल्या हनुवटीचा अंदाज चेहऱ्याच्या सगळ्या अंदाजांत भरवशाचा : हाड १० मिलिमीटर आलं तर वरचा भाग साधारण आठ-नऊ येतो. अट एकच, हनुवटीवरचा मेंटॅलिस स्नायू सोडवल्यावर तो परत जागेवर नीट शिवला पाहिजे. त्यात हयगय झाली तर हनुवटीचं मांस खाली लोंबतं आणि खालचे दात दिसू लागतात.

उलटं काम, म्हणजे मोठी हनुवटी लहान करणं, तितकं सरळ नाही. हाड मागे घेतलं की कातडी निम्मीच मागे जाते, आणि पुढून नुसतं तासलं तर त्याहूनही कमी. उरलेलं मांस सैल राहतं. ‘थोडं घासून देऊ’ असं कुणी सहज म्हणालं, तर दुसऱ्याचंही मत घ्या.

प्रश्न : मुलाच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झाले. चेहरा दाखवलेल्या चित्रासारखा नाही, ओठ जाड दिसतो. फसवणूक झाली का? नोव्हेंबरात लग्न आहे.
— वडील, अकोला

उत्तर : दोन महिन्यांवर निकाल लावू नका. सूज पहिल्या महिन्यात निम्म्याहून अधिक उतरते, तीन महिन्यांत बरीचशी, पण शेवटचा थोडा भाग रेंगाळतो. तुलना करण्यासारखा चेहरा सहा महिन्यांनी येतो, अभ्यासांत तर वर्ष धरतात. याच काळात पातळ खाण्यामुळे वजन घटलेलं असतं, ते भरून येताना गाल पुन्हा बदलतात. खालचा ओठ बधिर असेल तर तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. जबड्याच्या आतून जाणारी नस ताणली गेल्याने हे होतं, बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो. हे शस्त्रक्रियेआधीच्या संमतिपत्रात असायला हवं होतं. असलं, तर ते तुम्हाला कुणी वाचून समजावलं होतं का, हा वेगळा प्रश्न.

दात नीट जुळताहेत ना, तेवढं मात्र आत्ताच तपासून घ्या. हाड जुन्या जागेकडे थोडं परतलं असेल तर ते आधी चावण्यात कळतं. वरचा जबडा वर घेणं किंवा खालचा पुढे आणणं या शस्त्रक्रिया चांगल्या टिकतात. खालचा मागे घेणं आणि वरचा रुंद करणं या तेवढ्या टिकत नाहीत, असा अमेरिकेत चॅपल हिलच्या प्रॉफिट यांच्या गटाचा अनेक वर्षांच्या नोंदींवरचा निष्कर्ष आहे.

आणि लग्नाची तारीख पाहून कुणी जबड्याची शस्त्रक्रिया ठरवू नये. फोटोसाठी घाई करणाऱ्यांचेच फोटो सुजलेले येतात.

प्रश्न : मग चित्र न पाहताच शस्त्रक्रिया केलेली बरी, असं तुमचं म्हणणं आहे का?
— वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नाही. पाहा. ‘वरचा हलवायचा की खालचा’, ‘हनुवटीला वेगळं काही करायचं का’, हे ठरवायला त्याच्यासारखं साधन नाही. नको असलेला बदल रुग्ण चित्र पाहून आधीच सांगू शकतो, आणि डॉक्टरांना जे सुंदर वाटतं ते त्याला वाटत नाही हेही तेव्हाच उघड होतं. सुंदर चेहऱ्याची मापं म्हणून जी वापरली जातात त्यांपैकी बरीचशी गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून घेतलेली आहेत. नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढून ओठ तिच्या किती मागे हे पाहायची रिकेट्स यांची रीत त्यातलीच. आपल्याकडच्या कितीतरी देखण्या माणसांचे ओठ त्या रेघेला टेकतात. रेघ गाठण्यासाठी ओठ मागे न्यायचे, असं कुणी सुचवलं तर ‘कुणासाठी?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चित्र दाखवणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती करा : तुमच्याच आधीच्या रुग्णांपैकी तीन-चार जणांची, नावं आणि चेहऱ्याचा वरचा भाग झाकून, भाकिताची चित्रं आणि वर्षानंतरचे फोटो शेजारी ठेवून दाखवा. त्यात एखादं चुकलेलंही असू द्या. ज्यांच्याकडे हे तयार असतं आणि जे न कचरता दाखवतात, त्यांच्या चित्रावर मी जास्त विश्वास ठेवीन, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे, खालचा जबडा पुढे येतोय. शाळेत चिडवतात. सुट्टीत उरकून टाकावी का?
— आई, सोलापूर

उत्तर : पंधराव्या वर्षी बहुधा नाही. खालचा जबडा चेहऱ्याच्या हाडांत सगळ्यात शेवटी वाढायचा थांबतो, मुलांमध्ये मुलींपेक्षा उशिरा, आणि ज्यांचा मुळात जास्त वाढतो त्यांचा कधीकधी विशीपर्यंत वाढत राहतो. आज हाड मागे घेतलं आणि पुढची तीन वर्षं ते वाढत राहिलं, तर कुठलंच भाकीत खरं ठरणार नाही आणि पुन्हा टेबलावर जावं लागेल. तोवर ऑर्थोडॉन्टिस्टच्या देखरेखीखाली राहा, चिडवण्याबद्दल शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोला. ते काम शस्त्रक्रियेने होणारं नाही. शस्त्रक्रियेची तारीख सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन सेफॅलोग्रामवरून ठरते : दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर जबड्याच्या रेषा जुळल्या, म्हणजे वाढ थांबली.